मंजुरीपूर्वीचे लेबल : टाकी-पातळी सेन्सर प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीच्या सुटीनंतर आज अंधेरीच्या एमआयडीसीतील गाळा उघडला. प्रिंटिंगवाल्याने सुटीआधी पाठवलेले खोके तसेच पडून होते. त्यांत साठ आवरणे आहेत, चाळीस सेन्सरची आणि वीस गेटवेची, म्हणजे सेन्सरचे सिग्नल घेणाऱ्या उपकरणाची. गच्चीवरच्या आणि तळाच्या टाकीतील पाण्याची पातळी रेडिओने कळवणाऱ्या आमच्या यंत्रणेची ही दुसरी प्रोटोटाइप तुकडी, म्हणजे पी-२. छपाई सुबक आहे, रेषा कुठे फाटलेली नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे, कारण प्रत्येक आवरणावर युरोपच्या नियमांनुसारचे सीई चिन्ह आणि एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, ओळख क्रमांक आहे, आणि गेटवेवर त्याखाली भारतीय मानक ब्युरोचे मानचिन्ह नोंदणी क्रमांकासह आहे. यांपैकी एकही मंजुरी आज आमच्याकडे नाही.

चूक कशी झाली याचा माग तासाभरात लागला. मंजुरीचा अर्ज करताना लेबल कसे असेल आणि उपकरणावर कुठे असेल याचे आरेखन अर्जासोबत जोडावे लागते. म्हणजे अंतिम लेबल उपकरणावर येण्याच्या कितीतरी आधी कागदावर तयार असते, आणि तसे असणे रीतसरच आहे. आमच्या सर्व्हरवर ती फाइल 'लेबल अंतिम' या नावाने ठेवलेली होती. यांत्रिक रचना पाहणाऱ्या सहकाऱ्याने प्रिंटिंगसाठी फाइल मागितली, मी सुटीवर निघण्याच्या घाईत होतो, आणि 'अंतिम' हा शब्द वाचून त्याने तीच पाठवली. दोष त्याचा नाही. फाइलला नाव मीच दिले होते.

आजपासून अर्जासाठीच्या आरेखनाच्या नावात 'छपाईस मनाई' असे लिहायचे आणि प्रत्येक पानावर तेच शब्द आडवे टाकायचे. साठही आवरणे कपाटात कुलूपबंद केली.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज दुपारी सगळ्यांना बसवून प्रत्येक खुणेचा अर्थ समजावून सांगितला. 'हे काय, सगळ्यांच्याच चार्जरवर असते' असे एकाने म्हटले आणि त्यावरून चर्चा सुरू झाली.

सीई ही उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर केलेली घोषणा असते. रेडिओ उपकरणांपुरते पाहिले तर २०१४ च्या युरोपीय निर्देशातील अटी पूर्ण करणे, तांत्रिक कागदपत्रे तयार ठेवणे आणि अनुरूपतेच्या घोषणेवर सही करणे एवढे झाल्यावरच ते चिन्ह लावता येते. सही झालेली नसताना चिन्ह लावणे म्हणजे न केलेल्या घोषणेचा पुरावा आपल्याच हाताने तयार करणे. चिन्हाची उंची साधारणपणे किमान ५ मिलिमीटर हवी, तरी रेडिओ उपकरण लहान असल्यास ते दिसण्याजोगे व वाचण्याजोगे ठेवून त्याहून लहान करण्याची मुभा त्या निर्देशात आहे. आमच्या आरेखनात ते ४ मिलिमीटर आहे. ते चालेल, पण त्याची वेळ आल्यावर. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेहमी ऐकू येणारी 'चायना एक्स्पोर्ट' नावाची वेगळी खूणही या निमित्ताने निघाली. दोन अक्षरांतील अंतर कमी असले की ती चिनी खूण, असे सांगितले जाते. अशी कोणतीही नोंदणीकृत खूण अस्तित्वात नाही. चुकीच्या प्रमाणात काढलेले सीई हे चुकीचे सीईच असते.

एफसीसीच्या ओळख क्रमांकाची गंमत निराळी आहे. त्याचा पहिला भाग, तीन किंवा पाच अक्षरांकांचा, अर्जदाराला आधीच मिळतो, आणि पुढचा उत्पादनाचा भाग अर्जदार स्वतः ठरवतो. त्यामुळे मंजुरी मिळण्याच्या कितीतरी आधी पूर्ण क्रमांक जुळवून लिहिता येतो. तो खऱ्यासारखा दिसतो, पण तोपर्यंत त्याच्यामागे काहीही नसते.

मानक ब्युरोचे चिन्ह छापले गेले त्याचे कारण मात्र मला हसावे की रडावे असे वाटायला लावणारे आहे. गेटवेसोबत आम्ही बाहेरून विकत घेतलेला ॲडॅप्टर देतो. माहिती तंत्रज्ञान उपकरणांचे ॲडॅप्टर सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात, आणि त्या ॲडॅप्टरवर उत्पादकाचा आर-क्रमांक, म्हणजे ब्युरोकडचा नोंदणी क्रमांक, रीतसर आहे. आर्टवर्क करणाऱ्याने तो क्रमांक ॲडॅप्टरवरून पाहून गेटवेच्या लेबलवर उतरवला, 'एकाच खोक्यातून जाते ना' म्हणून. हा क्रमांक त्या उत्पादकाच्या त्या कारखान्याचा आणि त्याच उत्पादनाचा असतो. त्याच उत्पादकाने दुसऱ्या कारखान्यात तोच ॲडॅप्टर बनवला तरी नोंदणी वेगळी करावी लागते. आमच्या गेटवेवर तो क्रमांक म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले घर दाखवण्यासारखे आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

छापलेल्या खुणांवर स्टिकर चिकटवून काम भागवावे, अशी सूचना आली. ती मी नाकारली. स्टिकर निघू शकतो, आणि निघाल्यावर खाली जे दिसेल ते मूळ चुकीपेक्षा वाईट दिसेल, कारण तेव्हा ते लपवलेले वाटेल. खुणा प्रत्यक्ष काढायच्या, मग त्या जागेवर प्रोटोटाइपचे लेबल लावायचे, असे ठरले.

गेटवेचे आवरण एबीएस प्लास्टिकचे आहे, सेन्सरचे पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे. एका गेटवेवर थिनर लावून पाहिला तर शाईबरोबर पृष्ठभागही विरघळून चिकट झाला. पॉलिकार्बोनेटवर तर थिनर लावायचाच नाही, कारण ताण असलेल्या जागी, विशेषतः स्क्रूच्या भोकांभोवती, त्याने केसासारखे तडे जातात. बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासणे हाच मार्ग उरतो. एका आवरणाला सात-आठ मिनिटे लागतात.

११ नोव्हेंबर, सोमवार

प्रोटोटाइपच्या लेबलवर काय लिहायचे याचा विचार आठवडाअखेर चालला होता. आज मसुदा केला. माझ्या मते या लेबलने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत : ही वस्तू कोणत्या अवस्थेत आहे, हा नेमका कोणता नग आहे, आणि याच्याबद्दल कोणाला विचारायचे. पहिले उत्तर बाहेरच्या माणसासाठी आहे, दुसरे आमच्यासाठी, आणि तिसरे दोघांसाठी. लोक साधारणपणे 'सॅम्पल' एवढेच लिहून मोकळे होतात. सॅम्पल म्हणजे दुकानदाराला विक्रीआधी दाखवायचा तयार मालही असतो आणि अर्धवट जोडलेला बोर्डही, त्यामुळे त्या शब्दाने काहीच ठरत नाही.

भारतात ठेवायच्या नगांसाठी मजकूर मराठी आणि इंग्रजीत असेल. मराठी मजकूर असा ठरला : 'प्रायोगिक नमुना. विक्रीसाठी किंवा भाड्याने देण्यासाठी नाही. आवश्यक शासकीय मंजुरी अद्याप मिळालेली नाही.' त्याखाली तुकडी, नगाचा क्रमांक, फर्मवेअरची (उपकरणातील सॉफ्टवेअरची) आवृत्ती लिहिण्यासाठी रिकामी चौकट, कंपनीचे नाव आणि दूरध्वनी. विद्युतपुरवठ्याचे मूल्यांकन, म्हणजे ५ व्होल्ट एकदिश आणि २ अँपिअर, प्रोटोटाइपवरही लिहायचेच, कारण मंजुरी नसली म्हणून चुकीचा ॲडॅप्टर लावल्यावर बोर्ड जळायचा थांबत नाही.

रेडिओची वारंवारताही लेबलवर हवी, असा माझा आग्रह आहे. भारतीय नग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. २००५ च्या अधिसूचनेने हा पट्टा कमाल १ वॉट प्रक्षेपण शक्ती, ४ वॉट प्रभावी विकिरित शक्ती आणि २०० किलोहर्ट्झ वाहक पट्टरुंदी या मर्यादेत परवानामुक्त केला होता. अमेरिकेसाठी केलेले नग ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. दोन्ही आवरणे बाहेरून तंतोतंत सारखी आहेत. अमेरिकेचा नग मुंबईत चुकून चालू केला तर तो जिथे बोलायला नको तिथे बोलेल. म्हणून अमेरिकी नगांच्या लेबलला केशरी पट्टी.

परवानामुक्त म्हणजे मंजुरीमुक्त, हा गैरसमज आमच्याच टीममध्ये निघाला. पट्टा वापरण्यासाठी परवाना लागत नाही, पण उपकरणाला वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची उपकरण-प्रकार मंजुरी, म्हणजे ईटीए, लागते. ती स्वयंघोषणेवर मिळते, तरी त्या घोषणेला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेडिओ चाचणी अहवाल जोडावा लागतो. आमचा अहवाल अजून आलेला नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लेबलचे दोन नमुने आले, एक इंकजेटने साध्या विनाइलवर छापलेला आणि एक पॉलिस्टरवर रेझिन रिबनने थर्मल ट्रान्स्फर केलेला. ६२३६८-१ या सुरक्षा मानकातील टिकाऊपणाची चाचणी केली : पाण्यात भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद घासणे आणि मग पेट्रोलियम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने आणखी १५ सेकंद. इंकजेटचे लेबल पाण्यातच फिके झाले, आणि स्पिरिटने 'विक्रीसाठी नाही' मधला 'नाही' पुसला गेला. पॉलिस्टरवर काही फरक पडला नाही. इंकजेट बाद.

प्रोटोटाइपच्या लेबलला या चाचणीची सक्ती नाही हे मला ठाऊक आहे. पण आमचे नग गच्चीवर, टाकीच्या झाकणाखाली, क्लोरिनच्या वासात आणि ओलाव्यात राहणार आहेत, आणि प्लंबरचे हात कोरडे नसतात. चार लेबले चेंबूरला एका सहकाऱ्याच्या सोसायटीच्या गच्चीवर पाइपला चिकटवून ठेवली आहेत. नोव्हेंबरच्या उन्हाने फार कळणार नाही, तरी गोंद किती धरतो ते कळेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी भेटायला आले होते. त्यांची तळटाकी महिन्यात दोनदा भरून वाहते, वॉचमन झोपतो, पंप चालू राहतो. त्यांना दोन सेन्सर आणि एक गेटवे आजच हवे होते. मी लेबल दाखवले आणि मंजुरीपर्यंत बसवून देता येणार नाही असे सांगितले. त्यांनी खिशातून पाकीट काढले. मी म्हणालो, 'काका, पैसे घेतले की ही विक्री झाली.' ते म्हणाले, 'मग पैसे नको घेऊ. पण फुकट वस्तूला आमच्याकडे कोणी जपत नाही, हे लक्षात ठेव.'

काकांच्या बोलण्यात तथ्य असले तरी पैसे न घेतल्याने प्रश्न सुटत नाही. युरोपीय निर्देशात 'बाजारात उपलब्ध करून देणे' याची व्याख्याच अशी आहे की व्यावसायिक कामकाजाच्या ओघात वितरणासाठी, वापरासाठी किंवा उपभोगासाठी दिलेली वस्तू त्यात येते, मग ती मोबदला घेऊन दिलेली असो वा विनामूल्य. आपल्याकडे मोबदल्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ईटीएशिवाय इमारतीच्या गच्चीवर रेडिओ चालू ठेवणे हा वेगळा प्रश्न उभा राहतोच. मधला मार्ग म्हणून रेडिओ पूर्ण बंद करून सेन्सरपासून गेटवेपर्यंत केबल टाकून पातळी मोजून दाखवण्याची तयारी मी दाखवली. काकांनी सात मजल्यांची केबल ऐकून हात जोडले. जानेवारीनंतर पुन्हा बोलू, असे ठरले.

उद्या विधानसभेच्या मतदानाची सुटी आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पुढच्या महिन्यात गोरेगावला नेस्कोच्या मैदानावर आमचा छोटा स्टॉल आहे, आणि त्यानंतर अमेरिकेतील एका प्रदर्शनात चार नग जायचे आहेत. प्रात्यक्षिक कसे दाखवायचे हे आज ठरवले.

दोन्ही ठिकाणी अँटेना लावायची नाही. सेन्सर आणि गेटवे यांच्या मध्ये कोअॅक्सियल केबल आणि ६० डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा भाग, लावून सिग्नल केबलमधूनच न्यायचा. पडद्यावर पातळी हलताना दिसेल, आणि हवेत जाणारी ऊर्जा फक्त गळतीपुरती असेल. मार्केटिंगच्या मॅडमना हे पटले नाही. 'वायरलेस म्हणून विकतो आणि स्टॉलवर वायर दाखवतो' असे त्या म्हणाल्या. हे खरे आहे. मी केबलजवळ एक पाटी ठेवण्याचे सुचवले, ज्यावर अँटेना का नाही ते दोन ओळींत लिहिलेले असेल. सोसायटीच्या लोकांना ती पाटी वाचून आमच्याविषयी भरवसा वाटेल की संशय येईल, यावर आमच्यात मतभेद कायम आहेत.

अमेरिकेच्या नियमात मंजुरीपूर्वी प्रदर्शनात उपकरण दाखवता येते, पण त्यासोबत ठळक सूचना असावी लागते आणि तिचा मजकूर नियमातच दिलेला आहे. या उपकरणाला एफसीसीच्या नियमांनुसार आवश्यक असलेली मंजुरी मिळालेली नाही आणि ती मिळेपर्यंत ते विक्रीसाठी वा भाड्याने देऊ केले जाणार नाही, विकले वा भाड्याने दिले जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. इथे स्वतःची भाषा वापरायची नाही. इंग्रजी मजकूर शब्दशः नियमातला घ्यायचा. 'प्रोटोटाइप, विक्रीसाठी नाही' अशी एक छोटी सूचनाही नियमात आहे आणि कमी जागा लागते म्हणून आमच्या आर्टवर्कवाल्याला तीच आवडली. पण ती सूचना फक्त अशा प्रोटोटाइपसाठी आहे ज्याच्या मूळ उत्पादनाला आधीच मंजुरी मिळालेली आहे आणि प्रोटोटाइप त्याहून थोडा वेगळा आहे. आमच्या मूळ उत्पादनालाच मंजुरी नाही. त्यामुळे लांब मजकूर, आणि त्यासाठी लेबलची रुंदी ३८ वरून ५० मिलिमीटर करावी लागली.

मॅडमनी अमेरिकेत आगाऊ मागणी नोंदवण्याचा अर्ज तयार केला होता. घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांशी सशर्त करार करता येतो, पण माल पोचवणे मंजुरीवर अवलंबून आहे हे करारात स्पष्ट हवे. अर्जावर ते वाक्य नव्हते. घातले, आणि ते सहीच्या ओळीच्या वर घातले, तळटिपेत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रेडिओ मॉड्यूलचा प्रश्न आज निकालात निघाला, आणि आमच्या विरोधात निघाला.

आमच्या बोर्डावरील मॉड्यूलला, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार रेडिओ भागाला, त्याच्या उत्पादकाने एफसीसीची मंजुरी घेतलेली आहे. असे मॉड्यूल वापरले तर बाहेरच्या उपकरणावर 'यात अमुक ओळख क्रमांकाचे मॉड्यूल आहे' असे लिहिता येते आणि रेडिओची पूर्ण मंजुरी नव्याने घ्यावी लागत नाही. या आशेवरच आम्ही ते मॉड्यूल निवडले होते. मात्र मॉड्यूलची मंजुरी विशिष्ट प्रकारच्या आणि विशिष्ट लाभापर्यंतच्या, म्हणजे सिग्नल एका दिशेने एकवटण्याच्या ठरावीक क्षमतेपर्यंतच्या, अँटेनांसाठी असते. पी-२ मध्ये काँक्रीटच्या टाकीतून सिग्नल बाहेर पडावा म्हणून आम्ही अँटेना बदलली, आणि नव्या अँटेनाचा लाभ मंजूर अँटेनापेक्षा जास्त आहे. आता ते वाक्य लेबलवर लिहिता येणार नाही. लिहिता आले असते तरी उरलेल्या बोर्डाच्या, म्हणजे प्रोसेसर आणि वीजपुरवठ्याच्या, अनावश्यक उत्सर्जनाची जबाबदारी आमच्यावरच राहिली असती. हे बरेच जण विसरतात.

दोन मार्ग आहेत : जुनी अँटेना परत लावून टाकीच्या झाकणाबाहेर आणणे, किंवा नव्या अँटेनासह मंजुरी घेणे. पहिला मार्ग स्वस्त आहे, पण बाहेर आलेल्या अँटेनावर कावळे बसतात, हे पी-१ च्या वेळी कांदिवलीला पाहिले आहे. निर्णय पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत अमेरिकी नगांच्या लेबलवर मॉड्यूलचा उल्लेखसुद्धा नको.

३ डिसेंबर, मंगळवार

चेंबूरची लेबले काढून आणली. गोंद पक्का आहे. एका लेबलचा कोपरा उचलला गेला होता, तो पाइपच्या गोलाईमुळे. सेन्सरवर सपाट जागाच निवडायची.

घासण्याचे काम संपत आले. नगांची नोंदवही सुरू केली : क्रमांक, पट्टा, फर्मवेअर, कोणाकडे आहे, कधी परत येणार. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या तीन नगांची पाने वेगळ्या रंगाची आहेत, कारण चाचणी अहवालात त्या नगांचे फोटो आणि क्रमांक येतील, आणि पुढे अहवालातील नग आणि आमच्या वहीतील नग जुळले नाहीत तर अहवालाचा उपयोग कमी होतो. त्या तीन नगांत अहवाल येईपर्यंत एक रेझिस्टरसुद्धा बदलायचा नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

अमेरिकेला जाणाऱ्या नगांची कागदपत्रे पाहिली. प्रदर्शनासाठी ४०० किंवा त्याहून कमी नग मंजुरीविना आणता येतात, आणि चाचणी व मूल्यमापनासाठी ४,००० पर्यंत. आमचे चारच असल्याने संख्येची चिंता नाही. चिंता आहे ती कोणत्या कारणासाठी नेत आहोत हे सगळ्या कागदांवर एकसारखे असण्याची. बीजकावर 'कमर्शियल सॅम्पल' असे लिहिले होते आणि लेबलवर 'विक्रीसाठी नाही'. दोन्ही एकाच खोक्यात पाहिल्यावर सीमाशुल्क अधिकारी प्रश्न विचारणारच. बीजकावर 'प्रदर्शनासाठी प्रोटोटाइप, परत नेण्याकरिता' असे केले. नग फिक्की या उद्योग संघटनेकडून घेतलेल्या एटीए कार्नेवर, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याच्या सीमाशुल्क दस्तऐवजावर, जातील, म्हणजे परत आणण्याचे बंधनही कागदावर आहेच. कार्नेच्या यादीतील नगांचे क्रमांक लेबलवरून वाचून भरले, वहीवरून नाही.

सेन्सरमध्ये लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल आहेत. उपकरणात बसवलेले लिथियम धातूचे सेल वाहतुकीत यूएन ३०९१ या धोकादायक मालाच्या क्रमांकाखाली येतात. विमानाने नेताना हे आणखी कटकटीचे होते. प्रात्यक्षिकासाठी सेल काढून बाहेरून पुरवठा देता येईल, म्हणून चारही नगांतून सेल काढले.

१२ डिसेंबर, गुरुवार

गोरेगावचे दोन दिवस पार पडले. केबलजवळची पाटी बहुतेकांनी वाचली नाही. ज्यांनी वाचली त्यांनी प्रश्न विचारले, आणि त्यांतले दोन प्रश्न इतके नेमके होते की विचारणारे स्वतः या धंद्यातले असावेत. एका दुकानदाराने लेबलवरची 'विक्रीसाठी नाही' ही ओळ वाचून किंमत विचारली. मी किंमत सांगितली नाही. त्याने हसून कार्ड ठेवले.

युरोपातील प्रदर्शनाचे आमंत्रणही स्टॉलवरच मिळाले. तिकडे नियमांशी अनुरूप नसलेले रेडिओ उपकरण प्रदर्शनात दाखवता येते, मात्र ते अनुरूप होईपर्यंत बाजारात आणले किंवा वापरात घेतले जाणार नाही अशी स्पष्ट दिसणारी सूचना हवी, आणि चालवून दाखवायचे असेल तर व्यत्यय टाळण्याची पुरेशी उपाययोजना हवी. मजकुराचे शब्द अमेरिकेसारखे बांधून दिलेले नाहीत. त्यामुळे तिसरे लेबल करावे लागेल. त्याची पट्टी निळी.

१८ डिसेंबर, बुधवार

साठपैकी अठ्ठावन्न आवरणांवरच्या चुकीच्या खुणा पूर्ण गेल्या आणि त्यांवर योग्य लेबल लागले. एका सेन्सरचे आवरण घासताना स्क्रूच्या भोकापासून तडकले, आणि थिनरची चाचणी घेतलेला गेटवे तर आधीच बिघडला होता. दोन्ही आवरणांवर आरी फिरवून चार तुकडे केले, खुणांचे भाग वेगळे करून फोडले, आणि फोटो नोंदवहीत लावला. क्रमांक ०२३ आणि ०४७ रद्द. पुढच्या तुकडीत ते पुन्हा द्यायचे नाहीत.